सही करण्याआधीचं एक वाक्य

“सदर यंत्रणा वर्षभर, सर्व ऋतूंत, केळी पिकवण्यासाठी आवश्यक असलेले १६ ते १८ अंश तापमान राखेल.”

हे वाक्य माझं नाही. बँकेच्या छापील नमुन्यात ते आधीच होतं. मी खाली सही केली, शिक्का मारला आणि तारीख टाकली. डिसेंबर महिना, संध्याकाळचे सहा, सावदा-रावेर रस्त्यालगतचं केळीचं रायपनिंग चेंबर. गारठा पडायला लागला होता. कागद पिकअपच्या बॉनेटवर ठेवला होता आणि चेंबरचे मालक, आमचे आप्पा, शेजारी उभे राहून म्हणत होते, “भाऊ, सकाळी फाइल गेली नाही तर बँकेचा शेवटचा हप्ता पार मार्चनंतर जातो.” चार दिवस मी तिथे काम केलं होतं. प्रत्येक आकडा वहीत होता, यंत्रणा उत्तम चालत होती. मी सही केली.

साडेपाच महिन्यांनी त्या एका ओळीने मला विमा म्हणजे काय ते शिकवलं. आमच्या धंद्यात नव्याने उतरलेल्या मुलांचे फोन येतात, “सर, पॉलिसी घ्यावी का? कोणती घ्यावी?” प्रत्येकाला फोनवर अर्धंमुर्धं सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून काढतो.

मी जळगावात राहतो. एमआयडीसीजवळ दोन खोल्यांचं ऑफिस आहे, हाताखाली दोन मुलं आहेत आणि काम कमिशनिंगचं. बऱ्याच जणांना वाटतं कमिशनिंग म्हणजे नारळ फोडायचा आणि मशीन सुरू करायचं. प्रत्यक्षात इमारतीतली एसी, व्हेंटिलेशन, पंप, जनरेटर, फायर अलार्म ही सगळी यंत्रणा डिझाइनमध्ये लिहिलंय तशी चालते का, हे मालकाच्या वतीने तपासायचं आणि लिहून द्यायचं, हे आमचं काम. चालताना कशी चालते एवढंच बघून भागत नाही, बिघडल्यावर कशी वागते तेही बघावं लागतं. लाइट गेली की जनरेटर किती सेकंदांत लोड घेतो, अलार्म वाजला की एएचयू, म्हणजे इमारतीत हवा फिरवणारं मशीन, बंद पडतो का, लिफ्ट खाली येऊन दार उघडून थांबते का. हे आम्ही मुद्दाम बिघाड घडवून बघतो.

ठेकेदाराकडे पाइप असतो, केबल असते, मशीन असतं. उद्या काही झालं तर तो बदलून देऊ शकतो. माझ्याकडे द्यायला फक्त कागद आहे. आणि तो कागद सगळ्यांच्या शेवटी येतो, म्हणून नुकसान झाल्यावर उलट्या दिशेने शोधत निघालेल्या वकिलाला सगळ्यात आधी तोच सापडतो. “आपण काही बांधत नाही, आपल्याला कसली जोखीम?” असं मीही पहिली सहा-सात वर्षं म्हणत होतो.

आता मे महिन्याकडे येतो.

आमच्याकडचा मे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, दुपारी रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या बागांना वाऱ्याआड ठेवायला शेतकरी जिवाचं रान करतो. अशा दुपारी पत्र्यावर बसवलेला कंडेन्सर, म्हणजे आतली उष्णता बाहेर फेकणारा भाग, काय सोसत असेल, ते पत्र्यावर हात ठेवून बघावं.

आप्पांची चार चेंबर्स, प्रत्येकी दहा टनांची. केळी पिकवताना आत १०० पीपीएमच्या आसपास इथिलीन हा फळ पिकवणारा वायू सोडतात, दमटपणा ९० टक्क्यांच्या वर ठेवतात आणि तापमान १६ ते १८. केळ पिकायला लागलं की ते स्वतः उष्णता सोडतं. म्हणजे मशीनला बाहेरची उष्णता आणि फळाची उष्णता दोन्ही बाहेर फेकायच्या असतात. डिसेंबरात मी तपासलं तेव्हा कंडेन्सरला २७ अंशांची हवा मिळत होती. आर-४०४ए गॅस, हेड प्रेशर, म्हणजे कंडेन्सरकडचा गॅसचा दाब, २३०-२४० पीएसआय. दाब फार वाढला की मशीन बंद करणारा हाय प्रेशर कटआउट ४०० वर लावलेला. भरपूर मोकळीक होती.

२२ मेच्या दुपारी पहिल्या दोन चेंबर्सचे कॉम्प्रेसर ट्रिप व्हायला लागले. पाळीवरच्या मुलाने रीसेट दाबला, पुन्हा ट्रिप. पुन्हा दाबला. शेवटी कंपनीच्या सर्व्हिसवाल्याने फोनवर सांगितलं की दाबू नको, कॉम्प्रेसर जाईल. दुसऱ्या दिवशी मी दोन थर्मामीटर घेऊन पत्र्यावर चढलो. एक सावलीत, जरा लांब ठेवला: ४४.६. दुसरा कंडेन्सरच्या कॉइलला लावला: ५३. आठ अंशांहून जास्त फरक. कारण कंडेन्सर तीन बाजूंनी कठड्यात होते. एकाने फेकलेली गरम हवा कठड्याला आपटून दुसऱ्याच्या तोंडात जात होती. खाली येऊन मी गेजसमोर उभा राहिलो आणि मशीन सुरू करायला सांगितलं. ३४०, ३६०, ३७५. काटा जरा थबकल्यासारखा झाला, मग ३९०. आणि खट्. कॉम्प्रेसर बंद.

आप्पांनी एक केळ सोलून माझ्या हातात दिलं. आमच्याकडच्या जातीचं केळ २४ अंशांच्या वर पिकलं की साल हिरवीच राहते आणि आतला गर मऊ पडतो. ते तसंच होतं. वरून बघितलं तर अजून दोन दिवस बाकी असं वाटावं, आत लगदा. दोन चेंबर्स, वीस टन माल.

आता सगळ्यात टोचणारी गोष्ट सांगतो. मला हे डिसेंबरातच दिसलं होतं. माझ्या अहवालाच्या अकराव्या पानावर स्पष्ट लिहिलेलं आहे: कंडेन्सर कठड्यात असल्यामुळे गरम हवा परत फिरण्याची शक्यता, स्टँड दोन फूट उंच करावा, आणि मे महिन्यात पूर्ण भरलेल्या चेंबरवर उन्हाळी चाचणी घ्यावी. कमिशनिंगच्या शास्त्रात ही काही माझी नवी कल्पना नाही. अमेरिकेतल्या एसी-व्हेंटिलेशन इंजिनिअरांच्या अॅशरे या संस्थेच्या गाइडलाइन झिरोमध्येही हवामानावर अवलंबून असलेल्या चाचण्या त्या-त्या ऋतूत नंतर घ्याव्यात असं सांगितलंय. अहवालाच्या अकराव्या पानावर मी बरोबर होतो. प्रमाणपत्राच्या दुसऱ्या ओळीत चूक होतो. आणि बँकेत, वकिलाकडे, सगळीकडे फिरलं ते प्रमाणपत्र. चाळीस पानी अहवाल आप्पांच्या कपाटात राहिला.

आप्पांची मशीनरी ब्रेकडाउनची पॉलिसी होती. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, मशीन बघितलं आणि म्हणाला, यात मोडलंय काय? आणि ते खरंच होतं. कॉम्प्रेसर शाबूत, मोटर शाबूत, कॉइल शाबूत. कटआउटने आपलं काम चोख केलं होतं, मशीनने स्वतःला वाचवलं होतं. त्या पॉलिसीला अचानक झालेली प्रत्यक्ष मोडतोड लागते. तिथून काही मिळणार नाही हे कळल्यावर आप्पांच्या भाच्याने फाइल उघडली, आणि त्यात पहिलाच कागद माझ्या सहीचा.

मी पत्र्यावर चढलो त्याच्या आदल्या संध्याकाळचा, २२ तारखेचा फोन मला शब्दन् शब्द आठवतो. आप्पा ओरडले नाहीत. “भाऊ, माल गेला,” एवढंच म्हणाले. ज्या माणसाच्या घरी मी कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला, ज्यांच्या काकूंनी मला निघताना घरचे पापड बांधून दिले, त्यांना काय म्हणायचं? आपल्याकडची रीत एकच. “आप्पा, काळजी करू नका, मी बघतो, नुकसान होऊ देणार नाही.” ते शब्द माझ्या ओठांवर आले होते. “येतो सकाळी” म्हणून मी फोन ठेवला आणि माझ्या विम्याचं काम बघणाऱ्या ताईंना लावला.

ताई म्हणाल्या, “साइटवर जा. लागेल ती मदत करा, सगळे फोटो काढा, आकडे लिहा. पण ‘माझं चुकलं, पैसे देतो’ असं तोंडाने, कागदावर, व्हॉट्सॲपवर कुठेही बोलू नका. आणि कंपनीला मेल आत्ता टाका. उद्या नाही, आत्ता.”

प्रोफेशनल इंडेम्निटी, ज्याला आम्ही नुसतं पीआय म्हणतो, त्या पॉलिसीत ही अट असतेच. विमा कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही, देणं ठरवायचं नाही. कागदावर वाचायला सोपं आहे. दुसऱ्या दिवशी सडक्या केळ्यांच्या क्रेटमध्ये उभं राहून, ओळखीच्या माणसाच्या डोळ्यांत बघून ते पाळणं फार अवघड आहे. मी शेवटी खरं ते सांगितलं. म्हटलं, “आप्पा, माझा विमा आहे. त्यांना विचारल्याशिवाय मी पैशाचं बोललो तर त्यातून तुम्हालाही काही मिळायचं नाही.” ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हंजे तू बी वकिलाचीच भाषा बोलाले लागला?”

ते वाक्य मला लागलं, अजूनही आठवलं की लागतं. पण आज मागे वळून बघताना वाटतं की तेव्हा गोड बोलून हात वर केले असते तर ते जास्त वाईट झालं असतं. खरं आहे ते पहिल्याच दिवशी तोंडावर सांगणं, हे मी तेव्हापासून धरून ठेवलंय.

मेल लगेच का टाकायचा, ते समजून घ्या. वाहनाचा किंवा दुकानाचा विमा असतो तिथे घटना कधी घडली ते बघतात. पीआयचं तसं नसतं. दावा तुमच्यावर कधी आला, तेव्हा पॉलिसी चालू होती का, हे बघतात. आणि ज्या कामावरून दावा आला ते काम पॉलिसीत लिहिलेल्या रेट्रोअॅक्टिव्ह तारखेनंतरचं आहे का, हेही बघतात. माझं पॉलिसीचं वर्ष ३० जूनला संपत होतं. आप्पांची वकिलाची नोटीस आली ऑगस्टमध्ये, १८ लाखांची. माल, गमावलेला धंदा, मनस्ताप, सगळं धरून. माझी फी होती ४५ हजार.

मी मेमध्ये “अशी घटना घडली आहे, यातून दावा येऊ शकतो” एवढं कळवून ठेवलं होतं, म्हणून ऑगस्टची नोटीस जुन्या वर्षाला जोडली गेली. कळवलं नसतं तर जूनमध्ये नूतनीकरणाच्या फॉर्मवर प्रश्न होताच: दावा होऊ शकेल अशी एखादी परिस्थिती तुम्हाला माहीत आहे का? ‘नाही’ लिहिलं असतं तर ते खोटं ठरलं असतं आणि पॉलिसीच धोक्यात आली असती. ‘होय’ लिहिलं असतं तर नव्या वर्षातून तेवढं प्रकरण वगळलं गेलं असतं. एका मेलने ही कोंडी सुटली.

रेट्रो तारखेबाबतही मी ताईंचा ऋणी आहे. त्याच्या आदल्या वर्षी दुसऱ्या कंपनीचा हप्ता तीन हजारांनी कमी होता आणि मी तिकडे जायला निघालो होतो. ताईंनी कोटेशन हातात घेतलं, एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे रेट्रोअॅक्टिव्ह तारीख म्हणून नव्या पॉलिसीचा पहिला दिवस लिहिला होता. म्हणजे माझी मागची सगळी कामं उघड्यावर. त्यात जळगावातलं एक मंगल कार्यालय होतं, धुळ्याचं एक हॉस्पिटल होतं, अमळनेरची एक शाळा होती. तीन हजारांसाठी मी ती सगळी सोडून देणार होतो. कंपनी बदलायला हरकत नाही, पण जुनी रेट्रो तारीख पुढे चालू ठेवतो असं लेखी घेतल्याशिवाय बदलू नका. पॉलिसीत खंडही पडू देऊ नका. आणि धंदा बंद करून घरी बसायचं ठरवलं तरी आणखी काही वर्षं पॉलिसी चालू ठेवा, कारण तुम्ही निवृत्त झालात तरी तुमचे कागद निवृत्त होत नाहीत. मुदतीच्या १९६३ च्या कायद्यात करारभंगाच्या दाव्याला तीन वर्षं आहेत, आणि ती तीन वर्षं कोणत्या दिवसापासून मोजायची यावर वकील भांडतात ते वेगळं.

तर विमा कंपनीचं पत्र आलं. तुमच्या बचावाचा वकील आम्ही देतो, त्याचा खर्च आम्ही करतो. निष्काळजीपणा सिद्ध झाला तर त्यापोटीची भरपाईही मर्यादेत देऊ. पण “वर्षभर, सर्व ऋतूंत राखेल” ही हमी तुम्ही स्वतःहून दिलेली आहे, तिच्यापोटी येणारं देणं पॉलिसीत बसत नाही.

मी ते पत्र तीनदा वाचलं. पॉलिसीचं पुस्तक काढलं, वगळलेल्या गोष्टींचं पान उघडलं. अर्थ असा होता: करार नसता तर जी जबाबदारी तुमच्यावर आलीच नसती, ती करारात स्वतः होऊन अंगावर घेतली असेल तर ती आमची नाही.

मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय, म्हणून इथे थांबतो. आपल्यासारख्या माणसाकडून कायदा काय मागतो? त्या कामातला जाणकार माणूस जेवढी काळजी घेईल, जेवढं कौशल्य वापरेल, तेवढं तुम्ही वापरलंत का. डॉक्टर नीट उपचार करायला बांधील असतो, पेशंट बरा होईलच असं तो लिहून देत नाही. पीआय पॉलिसी या काळजीत राहिलेल्या चुकीसाठी आहे. ज्या क्षणी तुम्ही ‘राखेल’, ‘होणारच’, ‘कधीही बंद पडणार नाही’ असं लिहिता, त्या क्षणी तुम्ही तपासणारा माणूस राहत नाही, हमीदार होता. भरपूर हप्ता भरलेली पॉलिसी खिशात असते, आणि तुम्ही एका ओळीत तिच्या बाहेर जाऊन उभे राहता. माझं कामात काही चुकलं नव्हतं. चुकलं ते त्या ओळीत होतं.

प्रकरण सात महिने चाललं. ठेकेदाराने कंडेन्सर उंच स्टँडवर घेतले, हवा वर फेकणारे हूड लावले. शेवटी तडजोड सहा लाखांवर झाली. साडेतीन ठेकेदाराचे. राहिलेल्या अडीचमधले सव्वा लाख विमा कंपनीने दिले आणि सव्वा लाख, २५ हजारांच्या एक्सेससकट (दाव्यातला जो पहिला भाग आपणच भरायचा असतो), माझ्या खिशातून गेले. अकरावं पान नसतं तर माझा आकडा याहून पुष्कळ मोठा झाला असता, असं माझ्या वकिलांनी सांगितलं. वकिलाची फी मात्र मला एक रुपयाही द्यावी लागली नाही, आणि सात महिने रात्री झोप लागली ती त्यामुळे. माझा वर्षाचा हप्ता या एका साइटच्या फीच्या निम्माही नाही. इतकं सांगितल्यावर ‘पॉलिसी घ्यावी का’ हा प्रश्न उरू नये.

मात्र पीआय घेतली म्हणजे सगळं झालं असं नाही. ती तुमच्या सल्ल्याची, तपासणीची आणि कागदाची पॉलिसी आहे. माझा मुलगा शिडीवरून पडला तर ती काही देत नाही. त्याला वेगळी वर्कमेन कॉम्प लागते. कामगार भरपाईचा मूळ कायदा १९२३ चा, आता तो २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतला आहे, पण आपली जबाबदारी तीच आहे. दोनच मुलं आहेत म्हणून टाळू नका. आमची मुलं दिवसभर शिडीवर, पत्र्यावर आणि उघड्या पॅनेलसमोर असतात. मी त्यांच्या आईबापांना तोंड दाखवू शकलो पाहिजे. आणि माझ्या हातून पाना सुटून खाली उभ्या गाडीवर पडला तर त्यासाठी पब्लिक लायबिलिटी वेगळी.

साइटवर ठेकेदाराची किंवा मालकाची ईएआर पॉलिसी असते, इरेक्शन ऑल रिस्क, म्हणजे मशीन बसवतानाच्या आणि चाचणीच्या काळातल्या नुकसानीची. काम सुरू करण्याआधी तिची प्रत मागा. नेहमीच्या मजकुरात चाचणीचा काळ जास्तीत जास्त चार आठवड्यांचा असतो. काम रखडलं, चाचणी लांबली आणि कोणी मुदत वाढवून घेतली नाही, तर तुम्ही विम्याचं छत्र नसलेल्या मशीनला करंट देत असता. आणखी एक गोष्ट आमच्या भागात फार महत्त्वाची आहे, कारण इथे मुंबई-पुण्याकडचे जुने जनरेटर आणि चिलर आणून बसवायची पद्धत आहे. वापरलेल्या मशीनचं ईएआर संरक्षण चाचणी सुरू होताक्षणी संपतं. म्हणजे आपण बटण दाबलं की संपलं. चाळीसगावकडच्या एका साइटवर मी हे मालकांना दाखवलं तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं. त्यांनी चाचणी चार दिवस पुढे ढकलून वेगळी सोय केली. ते चार दिवस मला कोणी शिव्या घातल्या नाहीत.

“मालकाचा विमा आहे ना, मग आपल्याला काय,” असंही लोक म्हणतात. माझ्या एका मित्राने आग विझवायच्या पाण्याच्या हायड्रंट लाइनची दीडपट दाबाची चाचणी घेतली, फॉल्स सीलिंगमधला एक जॉइंट सुटला आणि खालच्या कपड्यांच्या दुकानात पाणी गेलं. दुकानदाराला त्याच्या विमा कंपनीने पैसे दिले. मित्राला वाटलं, मिटलं. पाच महिन्यांनी त्याच कंपनीचं वसुलीचं पत्र त्याच्या दारात. विमा कंपनी भरपाई देते तेव्हा नुकसान करणाऱ्याकडून वसूल करायचा मालकाचा हक्क तिच्याकडे येतो, त्याला सब्रोगेशन म्हणतात. इकॉनॉमिक ट्रान्सपोर्ट ऑर्गनायझेशन विरुद्ध चरण स्पिनिंग मिल्स या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हे तत्त्व सविस्तर उलगडून सांगितलंय. ते प्रकरण ट्रकमधून नेलेल्या सुताच्या मालाचं होतं, पण तत्त्व आमच्या पाण्याच्या लाइनलाही तेच लागतं.

हॉस्पिटलचं काम मी आता वेगळ्याच मनाने करतो. ऑपरेशन थिएटर असेल तर एनएबीएच या रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या संस्थेच्या निकषाप्रमाणे तासाला निदान २० वेळा हवा बदलली पाहिजे, त्यातली ४ वेळा बाहेरची ताजी, आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमीत कमी २.५ पास्कल जास्त. हे मोजता येतं, मोजून लिहिता येतं. ज्याने मन दडपतं ते वेगळं आहे. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले आणि आमचे फोन वाजायला लागले. त्यातले कितीतरी फोन असे होते: “सर, तपासायचं नंतर बघू, आधी सहीचा कागद द्या.” बाळं गेल्यानंतरच्या आठवड्यात असे फोन. मी त्यातलं एकही काम घेतलं नाही.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली फॉर्म ए आणि फॉर्म बी ही प्रमाणपत्रं असतात. फॉर्म बी दर जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं, यंत्रणा चालू स्थितीत आहे म्हणून. ती लायसन्स असलेल्या एजन्सीने द्यायची. ते लायसन्स माझ्याकडे नाही, म्हणून त्या कागदाला मी हात लावत नाही, कोणी कितीही जवळचा असो. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे. दंड भरायला किंवा शिक्षा भोगायला कोणतीही पॉलिसी येत नाही. आणि ते नसतं तरी, ज्या कक्षात काचेच्या पेटीत बाळं झोपलेली असतात त्याच्याबद्दल न बघता लिहायला हात कसा उठेल?

आता माझी प्रमाणपत्रं कशी असतात ते सांगतो. “अमुक तारखेला, दुपारी तीन ते पाच, बाहेरचं तापमान ३१.२ असताना, चेंबर क्रमांक दोन ६० टक्के भरलेलं असताना, आतलं तापमान १७.१ ते १७.८ राहिल्याचं मी पाहिलं.” पुढचं वाक्य त्याहून महत्त्वाचं: “पूर्ण भरलेल्या चेंबरवरची आणि उन्हाळ्यातली चाचणी झालेली नाही, ती मेमध्ये घ्यायची आहे.” आधी हे अहवालाच्या पोटात असायचं, आता ते सहीच्या बरोबर वर असतं. सही बघणाऱ्याची नजर त्यावर पडल्याशिवाय राहत नाही. बँकेचा नमुना आला तर ‘राखेल’ खोडून ‘राखल्याचे चाचणीच्या वेळी आढळले’ असं करतो आणि खोडलेल्या जागी छोटी सही करतो. गेल्या तीन वर्षांत दोनच बँकांनी कुरकुर केली. दोन्ही ठिकाणी शाखाधिकाऱ्यांना समोर बसून समजावलं, दोघांनी स्वीकारलं.

मोठ्या कंपन्यांचे करार येतात, चाळीस-चाळीस पानांचे, इंग्रजीत. त्यात कुठेतरी एक ओळ असते की कामाच्या संदर्भात होणाऱ्या कोणत्याही आणि सगळ्या नुकसानीपासून सल्लागार कंपनीला मुक्त ठेवेल. १८७२ च्या करार कायद्यात कलम १२४ हा इंडेम्निटीचा करार म्हणून आहे, अशी ओळ पोकळ नसते. मी ती तशी घेत नाही. “माझ्या निष्काळजीपणामुळे झालेल्या नुकसानीपुरतं, आणि माझ्या पॉलिसीच्या मर्यादेपर्यंत” एवढं लिहा म्हणतो. शिरपूरकडचं एक चांगलं काम यावरून गेलं. वाईट वाटलं, घरी ही बोललीही. पण मी ४५ हजारांत कोणाच्या कारखान्याचा जामीन राहू शकत नाही.

गेल्या मे महिन्यात आप्पांचा फोन आला. तडजोडीनंतर वर्षभर आमचं बोलणं तुटकच होतं. दिवाळीला मी जाऊन आलो होतो, चहा घेतला होता, एवढंच. फोनवर ते म्हणाले, “चारी चेंबर भरेल आहेत. ऊन पाहिजे होतं ना तुले? ये.”

दुपारी अडीचला पोहोचलो. पत्र्यावर चढलो, दोन थर्मामीटर लावले. सावलीत ४५.१, कॉइलवर ४६. स्टँडने आणि हूडने काम केलं होतं. खाली गेजसमोर उभा राहिलो, आप्पा माझ्या शेजारी. काटा ३५० वर गेला, ३६० वर गेला, ३७० वर आला आणि तिथेच राहिला. पंधरा मिनिटं, अर्धा तास, दोन तास. आम्ही दोघं प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून तिथेच बसून होतो. आतलं तापमान १७.४.

मी वही काढून तारीख, वेळ, बाहेरचं तापमान, भरलेल्या क्रेटची संख्या, दाब असं एकेक लिहिलं. आप्पांनी चष्मा लावून वही वाचली, आणि ‘आजच्या दिवशी’ या शब्दांवर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं.

“हो आप्पा, आजचं,” मी म्हटलं.

“मंग पुढच्या मेत बी ये,” ते म्हणाले, आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आले.